वीर कोणास म्हणावें?

छातीवर शौर्यपदक असलेला वृद्ध सैनिक भेटला म्हणजे आम्ही त्यास बहुधा एकच प्रश्न विचारतों: शत्रू किती मारिले? पराक्रमाची ही मोजणी आम्हांस अपुरी वाटते.

अहमदनगर (आतांच्या अहिल्यानगर) जिल्ह्याचे शिपाई नामदेव जाधव ह्यांचें उदाहरण घ्यावें. ९ एप्रिल १९४५ रोजीं इटलींतील सेनियो नदीवर पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या पलटणीनें चढाई केली. त्यांच्या आघाडीचे बहुतेक लोक मशीनगनच्या माऱ्यांत पडले. तेव्हां नामदेवांनीं प्रथम दोन जखमींस, दोन खेपा करून, खोल पाण्यांतून व सुरुंग पेरलेल्या जमिनीवरून सुरक्षित जागीं नेलें. मगच ते उलट फिरले, आणि हातास जखम झाली असतांहि त्यांनीं शत्रूचीं तीन ठाणीं निकामी केलीं. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो ह्या सर्व कामगिरीबद्दल. पण पहिल्या दोन खेपांवरच ते थांबते, तरी आम्ही त्यांस वीरच म्हटलें असतें.

युद्ध परक्या साम्राज्याचें होतें, हा आक्षेप खरा आहे. तथापि त्यांनीं वाहून नेलेले जखमी त्यांस परके नव्हते. त्याच इटलींत १० जुलै १९४४ रोजीं, सोबती पडल्यावर एकट्यानें मशीनगनवर धावून जाणारे यशवंत घाडगे धारातीर्थीं पडले. त्यांसहि हेंच पदक मिळालें. परंतु तें धारण करण्यास ते उरले नाहींत.

म्हणून पदकधारी सैनिक भेटल्यास आपल्या मुलांनीं एवढेंच विचारावें: तुमच्यामुळें घरीं परत कोण आला, आणि कोण येऊं शकला नाहीं?