२२ ऑक्टोबरनंतरची सकाळ
पुण्यात स्पायसर विद्यापीठावरून जाताना मला १८४४ साल आठवते. अमेरिकेतील विल्यम मिलर या शेतकऱ्याने बायबलमधील दानिएलाच्या ग्रंथातल्या २३०० दिवसांची वर्षे मानून ख्रिस्ताच्या पुनरागमनाचे गणित मांडले. अखेर अनुयायांनी २२ ऑक्टोबर ही तारीख धरली. न्यायाचा दिवस येणार, म्हणून काहींनी शेतातले पीकही काढले नाही. रात्र सरली, नेहमीसारखे उजाडले. लोक ढसाढसा रडले. तो दिवस कोणालाच ठाऊक नाही, असे शुभवर्तमानातच सांगितले आहे! मिलर १८४९ साली वाट पाहतच वारले. उरलेल्यांपैकी काहींनी १८६३ मध्ये सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट चर्च स्थापले. तारीख सोडली, आशा ठेवली. स्पायसर त्याच चर्चचे. जगाच्या अंताची वाट पाहणाऱ्यांनी उद्यासाठी वर्ग बांधले, याचे मला अप्रूप वाटते.