रिफ्ट खोऱ्यातील वांशिक हिंसाचार (केनिया)

केनियाच्या पूर्वीच्या रिफ्ट व्हॅली प्रांतात १९९१ ते २००८ या काळात, मुख्यतः सार्वत्रिक निवडणुकांच्या आगेमागे, उसळलेली दंगलींची मालिका. कालेंजिन (नांदी, किप्सिगिस, टुगेन आदी जमातींचा समूह) व मसाई हे या प्रदेशाचे पूर्वापार रहिवासी. किकुयू, लुह्या, लुओ व गुसी हे बव्हंशी विसाव्या शतकात येथे येऊन स्थिरावलेले. या रक्तपाताला पुष्कळदा ‘पुरातन टोळीवैर’ म्हटले जाते. ते चुकीचे आहे, कारण येथील वैराला जमिनीच्या सरकारी वाटपाने खतपाणी मिळाले आणि त्याचा भडका सत्तेच्या गरजेनुसार उडविला गेला.

ब्रिटिशांनी १९०४ व १९११ च्या करारांन्वये मसाईंना त्यांच्या उत्तम कुरणांवरून हलविले, नांदींचा सशस्त्र प्रतिकार मोडून काढला आणि येथील सुपीक पठारे युरोपीय मळेवाल्यांसाठी राखून ठेवली. मळ्यांवर राबण्यासाठी आलेल्या किकुयू कुटुंबांना मजुरीच्या मोबदल्यात जमिनीचा तुकडा कसायला मिळे, पण त्यावर मालकी नसे. अशा रीतीने एकाच भूमीवर दोन वंचितांचे दावे उभे राहिले आणि दोन्ही दाव्यांत तथ्य होते. १९६३ मध्ये स्वातंत्र्य मिळाल्यावर गोऱ्यांचे मळे मूळ धारकांना परत न देता ब्रिटिश कर्जाच्या आधारे विकण्यात आले. अध्यक्ष जोमो केन्याटा स्वतः किकुयू असल्याने सरकारदरबारी वजन व भांडवल असलेल्या किकुयू खरेदी-कंपन्यांना त्याचा मोठा लाभ झाला. छोट्या जमातींच्या ‘कादू’ या पक्षाने ‘माजिम्बो’ची, म्हणजे प्रांतांना स्वायत्तता देणाऱ्या संघराज्याची, मागणी लावून धरली होती, परंतु १९६४ मध्ये तो पक्ष सत्ताधारी ‘कानू’मध्ये विलीन झाला. त्याचे एक नेते, टुगेन जमातीचे डॅनिएल अराप मोई, पुढे उपाध्यक्ष व १९७८ मध्ये अध्यक्ष झाले. जमिनीची तक्रार मात्र तशीच राहिली.

या तक्रारीचे शस्त्र झाले ते १९९१ मध्ये. देशांतर्गत आंदोलन आणि मदत देणाऱ्या राष्ट्रांचा दबाव यांमुळे एकपक्षीय राजवट संपण्याची चिन्हे दिसू लागताच कानूच्या नेत्यांनी जाहीर सभांतून पुन्हा माजिम्बोचा पुकारा केला, मात्र आता त्याचा अर्थ ‘परक्यांनी’ प्रांत सोडावा असा लावला गेला. ऑक्टोबरअखेर नांदी जिल्ह्यातील मेतेइतेई येथून हल्ले सुरू झाले. अध्यक्षपदासाठी आठपैकी किमान पाच प्रांतांत २५ टक्के मते मिळविण्याची अट १९९२ मध्ये घालण्यात आल्याने विरोधकांच्या मतदारांना रिफ्ट व्हॅलीतून हुसकावण्यात सत्ताधाऱ्यांचा उघड फायदा होता. किलिकू संसदीय समितीने ७७९ मृत्यूंची नोंद करून सत्ताधारी पक्षातील बड्या व्यक्तींकडे बोट दाखविले. तिचा अहवाल संसदेने फेटाळला. १९९२ च्या निवडणुकीत मोई सुमारे ३६ टक्के मतांवर निवडून आले.

२००२ मध्ये अध्यक्षपदाचे दोन्ही प्रमुख उमेदवार, म्वाई किबाकी व उहुरू केन्याटा, किकुयू होते आणि प्रांत तुलनेने शांत राहिला. जमिनीचे तंटे मिटलेले नव्हते, शेजारीही तेच होते. लोकांना एकमेकांविरुद्ध उभे करण्याचे कारण मात्र नेत्यांपाशी नव्हते. ते २००७ मध्ये पुन्हा निर्माण झाले. ३० डिसेंबरला वादग्रस्त मोजणीनंतर किबाकी यांना विजयी घोषित करून घाईने शपथ देण्यात आली, तेव्हा त्यांचे प्रतिस्पर्धी राइला ओडिंगा यांच्या कालेंजिन समर्थकांनी किकुयू वस्त्यांवर हल्ले चढविले. १ जानेवारी २००८ रोजी एल्डोरेटजवळील किआंबा येथे चर्चमध्ये आसरा घेतलेली माणसे, त्यांत स्त्रिया व मुलेही, जाळण्यात आली. महिनाअखेर नाकुरू व नैवाशा येथे किकुयू टोळ्यांनी सूड उगवला. या हिंसाचाराची चौकशी करणाऱ्या वाकी आयोगाने देशभरातील १,१३३ मृत्यू नोंदविले. त्यांपैकी ४०५ गोळी लागून झालेले होते, आणि त्यांतील बहुतेकांना पोलिसांचा गोळीबार कारणीभूत होता.

कोफी अन्नान यांच्या मध्यस्थीने २८ फेब्रुवारी २००८ रोजी सत्तावाटपाचा करार झाला आणि २०१० च्या संविधानाने प्रांत मोडून ४७ परगणे स्थापन केले. या हिंसाचाराबद्दल आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात किकुयू नेते उहुरू केन्याटा व कालेंजिन नेते विल्यम रुटो हे परस्परविरोधी गटांतील आरोपी होते. २०१३ मध्ये त्यांनी युती करून सत्ता मिळविली आणि प्रांतात शांतता राहिली. केन्याटांवरील आरोप २०१४ मध्ये मागे घेण्यात आले, रुटोंवरील खटला २०१६ मध्ये पुराव्याअभावी बंद झाला. या दोन दशकांतील हिंसाचाराबद्दल एकाही ज्येष्ठ राजकीय नेत्याला शिक्षा झालेली नाही.