डाळीवरून गेलेली नोकरी

आमच्या घराण्यात माझ्या आजोबांच्या धाकट्या बंधूंची, अण्णांची, कहाणी एकाच वाक्यात आटोपत असे : ‘डाळीत खडे निघाले म्हणून नेव्हीतली नोकरी सोडून आला.’ त्यावर हशा होई. अण्णाही हसत. बेळगावात एका अडत दुकानी त्यांनी हिशेबनिसाची चाकरी केली. सायंकाळी ते आपल्या वाचनालयात वृत्तपत्रांच्या टेबलाशी बसलेले असत. वाचताना त्यांचे बोट टेबलावर ठकठक करी. शेजारी बसणारे त्रासून जात. ती मोर्सची लिपी होती, हे आम्हांस फार उशिरा उमगले.

ते निवर्तल्यावर त्यांच्या ट्रंकेत १९४६ सालचा एक कागद मिळाला. ‘सेवेची आवश्यकता उरली नाही,’ असा त्यातील शेरा. म्हणजे नोकरी त्यांनी सोडली नव्हती! तो कागद घेऊन मी आपल्याच वाचनालयातील इतिहासाच्या कपाटापाशी आलो.

अण्णा ‘तलवार’वर होते, एवढे ठाऊक होते. ‘तलवार’ हे जहाज नव्हे. कुलाब्यातील संदेशवहनाचे ते प्रशिक्षण केंद्र. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी तेथील खलाशांनी निकृष्ट अन्न नाकारले. डाळ खरी होती, पण ती निमित्तमात्र. गोऱ्यांहून कमी वेतन, अधिकाऱ्यांच्या शिव्या आणि आझाद हिंद सेनेवरील खटले हे सारे मनात धुमसत होते. घोषणा रंगविल्याबद्दल बी. सी. दत्त या तारायंत्रीस त्याच महिन्याच्या आरंभी अटक झाली होती. पाहता पाहता कराचीपर्यंत ७८ जहाजे, २० किनारी ठाणी आणि सुमारे २०,००० खलाशी उठले. समितीचे अध्यक्ष एम. एस. खान, उपाध्यक्ष मदनसिंग. २१ तारखेस कॅसल बराक्समध्ये गोळीबार झाला. दुसऱ्या दिवशी गिरणी कामगार रस्त्यावर आले आणि मुंबईत दोनशेहून अधिक माणसे प्राणांस मुकली. सरदार पटेलांच्या सल्ल्यावरून २३ तारखेस खलाशांनी शरणागती पत्करली. सूड घेतला जाणार नाही, असा दिलासा त्यांना मिळाला होता. तरीही शेकडो जण काढले गेले, आणि स्वतंत्र भारताच्या नौदलानेही त्यांना परत घेतले नाही. हा भाग मला आजही पचत नाही.

मग डाळीची गोष्ट आली कोठून? आमच्या वृद्ध आत्यांनी उलगडा केला. अण्णा परतल्यावर पोलीस चौकशीस येऊ लागले. घरात दोघी बहिणी लग्नाच्या होत्या. तेव्हा पणजोबांनीच ‘पोरगा जेवणावरून भांडून आला’ असे आळीभर सांगितले. लग्ने पार पडली. गोष्ट मात्र राहून गेली. अण्णांनी ती कधी खोडून काढली नाही. दत्तांनी १९७१ साली आपल्या आठवणी इंग्रजीत प्रसिद्ध केल्या. अण्णांनी त्या वाचल्या होत्या का, हे विचारावयास आता कोणी नाही.

तो कागद शताब्दीच्या निमित्ताने मी वाचनालयाच्या स्वाधीन करीत आहे. वृत्तपत्रांचे टेबल अद्याप तेच आहे.