देवांचे स्थलांतर आणि माडांचे मूळ

तेलंगणातील आदिलाबाद नगराचे नाव विजापूरच्या अली आदिलशहावरून पडले, असे परंपरेने सांगितले जाते. 1558 ते 1580 पर्यंत राज्य करणारा पहिला अली आदिलशहा गोमंतकीय महाजनांच्या इतिहासाशीही निगडित आहे. पोर्तुगीजांच्या जाचामुळे साष्टीतील दैवते जुवारी ओलांडून अंत्रुज महालात आली, तेव्हा तो मुलूख विजापूरच्या अंमलाखाली होता. कुठ्ठाळीचा श्रीमंगेश 1560 साली प्रियोळास आला. त्याच दशकात केळशीची श्रीशांतादुर्गा कवळ्यास आणि वेर्ण्याची श्रीम्हाळसा म्हार्दोळास स्थिरावली.

देव पालखीतून येऊ शकले. देवांचे माड मात्र मागेच राहिले. पूजेचा नारळ, समईचे तेल, मांडवाच्या झावळ्या ज्या बागांतून येत, त्या परक्यांच्या हाती गेल्या.

पूर्ण वाढलेला माड हलविणे आज अशक्य राहिलेले नाही. माडाला सोटमूळ नसते. बुंध्याच्या तळातून दोरीसारखी असंख्य मुळे फुटतात आणि काही तुटली तरी नवी येतात. वाढीचा कोंब मात्र शेंड्याशी एकच. तो दुखावला की झाड संपले. म्हणून मुळांभोवतीचा मातीचा गोळा सांभाळून व झावळ्या बांधून मोठी झाडे क्रेनने उचलून नव्या बागेत नेली जातात. जीव मुठीत धरून नदी ओलांडणाऱ्या आपल्या पूर्वजांना ही सोय नव्हती. नव्या भूमीत नारळ रुजत घालून, फळासाठी सहा-सात वर्षे वाट पाहणे एवढेच त्यांच्या हाती होते.

आदिलाबादकडचा ताड तर याहून हट्टी. त्याचा कोंब प्रथम जमिनीत खोल उतरतो. त्या अवस्थेत रोप उपटले तर ते सहसा जगत नाही. म्हणून जिथे झाड हवे तिथेच बी पुरावे लागते. झाड नर की मादी हे फुलोऱ्यावरूनच कळते, आणि त्यासाठी बारा-पंधरा वर्षे वा त्याहून अधिक काळ जातो. पेरणाऱ्याचे फळ पुष्कळदा पुढची पिढीच चाखते.

महाजनकीचा इतिहासही असाच आहे. श्रीमंगेशाला पेशव्यांकडून गाव इनाम मिळाला तो 1739 मध्ये, म्हणजे स्थलांतरानंतर 179 वर्षांनी. ते वैभव पाहण्यास मूर्ती घेऊन आलेल्यांपैकी कोणीही उरले नव्हते. तरीही त्यांनी देवाची सेवा खंडित होऊ दिली नाही.

आज एखाद्या देवस्थानाने नव्या उद्यानासाठी रस्तारुंदीत तोडले जाणारे जुने माड उचलून आणले, तर ते पुण्यकर्मच ठरेल. परंतु आणलेल्या माडाची सावली आपल्याला मिळते. लाविलेल्या माडाची सावली नातवंडांना मिळते. उचलून आणलेल्या प्रत्येक झाडाशेजारी एक नारळ रुजत घालणे, हेच पूर्वजांच्या ऋणाचे खरे स्मरण होय.