कोशातील 'ए. एस.' आणि एक जुना गैरसमज

इंग्रजी 'फादर' हा शब्द संस्कृत 'पितृ'पासून निघाला, असे मोठ्या अभिमानाने सांगितले जाते. वॉल्टर स्कीट यांच्या इंग्रजी व्युत्पत्तिकोशात (1879–82) या शब्दाच्या नोंदीत संस्कृतचा उल्लेख आहेही. मात्र त्याआधी दोन अक्षरे येतात: ए. एस., म्हणजे अँग्लो-सॅक्सन. पाचव्या शतकापासून 1066 च्या नॉर्मन विजयापर्यंत, आणि त्यानंतरही काही दशके, इंग्लंडात लिहिली गेलेली ही भाषा.

स्कीट यांनी ए. एस. रूपाआधी आडवी रेघ दिली आहे, संस्कृत रूपाआधी मात्र अधिकचिन्ह. रेघ म्हणजे 'यापासून आला'. अधिकचिन्ह म्हणजे 'याचा सगोत्र'. 'फॅडर' हे 'फादर'चे पूर्वरूप, तर 'पितृ' हा त्याचा चुलतभाऊ. दोघांचे मूळ एकाच लुप्त भाषेत आहे. संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांच्या अशा समान उगमाची कल्पना विल्यम जोन्स यांनी 1786 मध्येच कलकत्त्यात मांडली होती. सारा वाद त्या एवढ्याशा चिन्हावर मिटतो. ते वाचायचे कष्ट फारसे कोणी घेत नाही, एवढेच.

मराठीतही असा संकेत आहे. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशात (1831, दुसरी आवृत्ती 1857) 'जल' या शब्दापुढे कंसात नुसता 'एस' आहे, म्हणजे शब्द जसाच्या तसा संस्कृत. 'हात'पुढे मात्र 'हस्त' लिहून मग 'एस', म्हणजे शब्द तिथून घडत आला. 'हुकूम'पुढचा 'ए' अरबीचा. स्कीट यांच्या सवयीने तो अँग्लो-सॅक्सन समजला, तर हुकूम थेट इंग्लंडातून सुटायचा!

'ए. एस.' पुढे मागे पडले. ऑक्सफर्डच्या महाकोशाने 'ओ. ई.', म्हणजे जुनी इंग्रजी, हा संक्षेप रूढ केला. आजची भाषा आणि ती प्राचीन भाषा यांतील सातत्य त्यातून दिसते. जुने कोश चाळणाऱ्याला दोन्ही खुणा ठाऊक हव्यात.

आणि नुसत्या नादावर विसंबू नये. 'हात' आणि 'हँड' कितीही जवळचे वाटले तरी त्यांचे नाते सिद्ध झालेले नाही. उलट संस्कृत 'हंस' आणि इंग्रजी 'गूस' हे खरे सगोत्र: संस्कृतातल्या त्या 'ह'च्या जागी अँग्लो-सॅक्सनमध्ये 'ग' येतो, आणि तिथले रूप आहे 'गोस'.