‘कॉमन’ : ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’मधील एका शब्दावरील तळटीप

१. कॉमन : ‘सामायिक, सर्वांचा’ अशा अर्थाच्या लॅटिन ‘कोम्यूनिस’वरून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलेला शब्द. नाम म्हणून तो गावाच्या सामायिक रानाला लावला जाई. अशा रानाची मालकी सहसा जमीनदाराची असली, तरी तेथे गुरे चारण्याचा आणि सरपण गोळा करण्याचा वहिवाटी हक्क ठरावीक रहिवाशांना असे, आणि अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत पार्लमेंटच्या कायद्यांनी राने कुंपणबंद होत गेली तसतसा तो बव्हंशी संपुष्टात आला. ‘कॉमन लॉ’ म्हणजे बाराव्या शतकापासून राजाच्या न्यायालयांनी घडवलेला, स्थानिक रूढींऐवजी सर्व राज्याला समान असणारा, निवाड्यांवर आधारलेला कायदा. ‘हाउस ऑफ कॉमन्स’मधील ‘कॉमन्स’ मात्र मुळात परगण्यांच्या व नगरांच्या समुदायांचा वाचक होय. उमराव वगळता उरलेली प्रजा, या अर्थाने वापरला जाता जाता शब्दाला हलकेपणाची छटा चिकटली. १८६०–६१ मध्ये क्रमशः प्रसिद्ध झालेल्या डिकन्सच्या या कादंबरीत तीच छटा अभिप्रेत असून, एस्टेलाच्या तोंडचा हा शब्द लोहाराच्या घरी वाढलेल्या पिपला त्याचे राठ हात, जाडेभरडे बूट आणि बोलणे यांची प्रथमच लाज वाटायला लावतो.