बुडापेस्टची बालरेल्वे : प्रवासशिक्षणाचा एक प्रयोग

आगगाडीने प्रवास कसा करावा, हे मुलांना सामान्यतः वडीलधाऱ्यांच्या सूचनांतून शिकविले जाते. फलाटाच्या कडेला उभे राहू नये, तिकीट जपून ठेवावे, गाडी पूर्ण थांबल्यावाचून उतरू नये, अशा या सूचना असतात. त्यांत मुलाची भूमिका केवळ आज्ञाधारकाची राहते. नियमामागील कारण त्याच्या प्रत्ययास येत नाही. विसाव्या शतकात पूर्व युरोपात निघालेल्या बालरेल्वेंनी हा क्रम उलटा केला. नियम पाळवून घेण्याचे कामच त्यांनी मुलांच्या हाती दिले.

या कल्पनेचा उगम सोव्हिएत संघराज्यातील होय. २४ जून १९३५ रोजी जॉर्जियातील टिफ्लिस (आजचे तिबिलिसी) येथील एका उद्यानात अशी रेल्वे सुरू झाली. भावी रेल्वे-कर्मचारी घडविणे आणि 'पायोनियर' बालसंघटनेची शिस्त मुलांच्या अंगी बाणविणे, हे दोन्ही हेतू तीमागे होते. दुसऱ्या महायुद्धानंतर ही कल्पना सोव्हिएत प्रभावाखालील देशांत पसरली.

हंगेरीत ती रुजली तेव्हा युद्धात उद्ध्वस्त झालेली वाहतूक पुन्हा उभी करण्याचे काम चालू होते. बुडापेस्टच्या पश्चिमेकडील वनाच्छादित टेकड्यांत एप्रिल १९४८ मध्ये बांधकामास आरंभ झाला आणि ३१ जुलै रोजी पहिल्या टप्प्यावर गाडी धावली. २० ऑगस्ट १९५० रोजी सुमारे ११ किलोमीटरांचा, ७६० मिलिमीटर रुंदीचा मार्ग पूर्ण झाला. 'पायोनियर रेल्वे' हे तिचे मूळ नाव.

येथे १० ते १४ वर्षांची मुले तिकिटे विकतात व तपासतात, सांधे बदलतात, सिग्नल देतात, गाड्यांच्या येण्याजाण्याची नोंद ठेवतात. इंजिन मात्र प्रौढ चालकाच्याच हाती असते व स्थानकावर अनुभवी कर्मचाऱ्याची देखरेख असते. अभ्यासात बरी गती, पालकांची व शाळेची संमती आणि काही महिन्यांच्या प्रशिक्षणानंतरची परीक्षा, एवढे झाल्यावरच मुलास गणवेश मिळतो. कामाच्या दिवशी त्यास शाळेतून सुटी असते.

या व्यवस्थेचे शैक्षणिक मर्म एकेरी मार्गात आहे. समोरासमोरच्या गाड्यांनी एकमेकींस स्थानकातच ओलांडावयाचे असते; म्हणून मार्ग मोकळा असल्याची खात्री पटल्यावाचून गाडी सोडता येत नाही. सांध्यापाशी उभ्या असलेल्या मुलास शिस्त म्हणजे वरिष्ठांची मर्जी नव्हे, तर डब्यात बसलेल्यांच्या जीविताची हमी होय, हे निराळे सांगावे लागत नाही. असे मूल प्रवासी म्हणून गाडीत बसते तेव्हा सूचनाफलकाकडे ते वेगळ्या दृष्टीने पाहील, हे उघड आहे.

हा प्रयोग निर्हेतुक नव्हता. आज्ञाधारक नागरिक घडवू पाहणाऱ्या एकपक्षीय राजवटीची छाया त्यावर होती व बालश्रमांचे प्रदर्शन मांडण्याचा मोहही त्यात होता. तथापि १९८९-९० मध्ये ती राजवट मावळली, संघटनेचे वर्चस्व संपले, रेल्वेचे नाव 'बालरेल्वे' झाले. आणि मुलांचे काम मात्र चालू राहिले. राजवटीने लादलेली शिस्त तिच्याबरोबर गेली; रुळांच्या गरजेतून आलेली शिस्त उरली. राज्यसंस्थेने स्वार्थासाठी मुलांवर टाकलेला विश्वास तिच्या स्वार्थाहून दीर्घायुषी ठरला, हाच या रेल्वेच्या इतिहासाचा निष्कर्ष म्हणता येईल.